सत्त्याऐंशी नंबरचा पिक

त्याने कागदी पिशवी उलटी केली आणि काउंटरच्या काचेवर चोवीस पिक टपाटपा सांडले.

"हे सगळे खोटं बोलतात," तो म्हणाला.

मी उडालेच. वाद्यांच्या दुकानात लोक गिटारविषयी तक्रार करतात, तारांविषयी करतात, शेजारच्यांविषयीसुद्धा करतात. पण तारा छेडायच्या त्या नखभर चकत्यांवर खोटेपणाचा आरोप मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यात सोमवारची सकाळ, मालकीणबाई आतल्या खोलीत, आणि माझ्या डाव्या दाढेत रात्रभर चाललेली ठणठण अजून थांबलेली नव्हती.

"म्हणजे… काय झालं?" मी विचारलं.

"तुमच्या वेबसाइटवरचा तक्ता वाचून मागवलेत. जाडी एक मिलिमीटर, असं लिहिलंय. एकही एक मिलिमीटरचा नाही. सगळे पातळ. वाकतात बघा." त्याने एक पिक दोन बोटांत धरून वाकवून दाखवला. पिक बिचारा लाजल्यासारखा दुमडला.

त्याच्या एका कानाला मास्कची दोरी लटकत होती. दुसरी सुटलेली. अंगात पांढरा ॲप्रन. म्हणजे हा समोरचा दंतवैद्य! रस्त्याच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर ज्याची पाटी आहे तो. दाढ दुखायला लागल्यापासून मी ज्या पाटीकडे चुकूनही बघत नव्हते, ती.

"डॉक्टर, तुम्ही समोर राहता… म्हणजे तुमचा दवाखाना समोर आहे, आणि तुम्ही वेबसाइटवरून मागवलंत?"

त्याचे कान लाल झाले. "ते… जाऊ दे. हे बघा." त्याने खिशातून एक चिमट्यासारखं यंत्र काढलं. दातावर बसवायच्या कॅपची जाडी मोजायचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. त्याने पिक त्याच्या चोचीत धरला आणि काटा माझ्याकडे वळवला. शून्य पूर्णांक सात.

दुसरा. शून्य पूर्णांक सात. तिसरा, शून्य पूर्णांक आठ.

मी तो काटा पुन्हा वाचला. कारण तो तक्ता मी केला होता. तीन महिने खपून. एकशे बारा पिक, प्रत्येकाचा आकार, जाडी, कशाचा बनवलाय, आणि हाताला कसा लागतो. या दुकानात मला घेतलंच होतं त्यासाठी. आणि शनिवारी तोच तक्ता पुस्तक म्हणून छापायला जाणार होता.

मी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. तिथे आमचे नमुन्याचे पिक टांगलेले असतात, प्रत्येक आपापल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर, डिंकाच्या थेंबाने चिकटवलेला. मालकीणबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता, की नमुन्याचा पिक कार्डावरून काढायचा नाही. काढला की डिंक लागतो, चमक जाते. मी नियम पाळला. कार्डासकट मोजले. आणि कार्डाची जाडी वजा करायची… विसरले.

"अगं बाई," मी म्हटलं.

त्याच्याही लक्षात आलं. तो फळीकडे बघत राहिला आणि मग त्याच्या तोंडून एक हसू निसटलं, ते त्याने लगेच गिळलं. "एकशे बाराच्या एकशे बारा?"

"हसताय काय? माझे बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते! छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासत फिरले. खोकल्याच्या औषधाचा चमचासुद्धा ते मोजून घेतात. आणि त्यांची मुलगी…"

त्याचं हसू मावळलं. पण तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडत नाहीत, हेच त्यांचं भयंकर आहे.

"शनिवारी दुपारी छापखान्याचा माणूस येणार," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "त्याच दिवशी तुझे तीन महिने संपतायत. तक्ता बिनचूक असेल तर कायम केल्याचं पत्र घे. एक चूक सापडली, तर पत्र नाही."

पत्र नाही, म्हणजे परत बाबांकडे. बाबांशी माझा करार तसाच होता. तीन महिन्यांत पक्की नोकरी, नाहीतर गुमान घरी यायचं आणि ते सांगतील तो कोर्स करायचा. शनिवारी सकाळच्या गाडीने ते स्वतःच येणार होते, पत्र बघायला किंवा माझी बॅग उचलायला. हे शहर, माझी खिडकीवाली खोली, तारांचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास असलेलं हे दुकान, सगळं सुटणार होतं.

"आणि तो शेवटचा रकाना," मालकीणबाई म्हणाल्या, "हाताला कसा लागतो. तोही गिटार वाजवणाऱ्याकडून तपासून घे. तुला कुठे येते वाजवता?"

"मी वाजवतो," दंतवैद्य म्हणाला.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"दुपारी दोन ते चार माझा दवाखाना बंद असतो," तो घाईघाईने म्हणाला. "आणि मोजायचं यंत्रही माझ्याकडे आहे. मला तसाही एक पिक शोधायचाच आहे."

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या. माझा तर कानांवर विश्वास बसेना. भांडायला आलेला माणूस मदतीला थांबला होता.

"एक विचारू?" जाता जाता तो म्हणाला. "वाजवता येत नाही, तर तो रकाना तुम्ही भरलात कसा? 'गुळगुळीत, पण मनात काहीतरी ठेवून', असं एकाबद्दल लिहिलंय. ते वाचून मी मोठ्याने हसलो होतो."

आता माझे कान लाल झाले. "बोटांना थोड्या वेळाने सगळं सारखंच लागायला लागतं. म्हणून मी… गालाला लावून बघते."

तो जागच्या जागी थिजला. "गालाला?"

"हो. डाव्या. दिवसभर."

"दिवसभर गालाला…" तो पुटपुटला आणि दाराच्या काचेवर आदळता आदळता वाचला. मला वाटलं, हसू आवरत नसेल. खरं काय होतं ते कळायला गुरुवार उजाडावा लागला.

मंगळवारी आम्ही मागच्या खोलीत बसलो. ग्राहकांनी गिटार वाजवून बघायची ती खोली. दोन स्टुलं, भिंतीला जाड फोम, आणि दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. मी गरम पाण्याच्या कपड्याने एकेक पिक कार्डावरून सोडवायचे, पुसायचे, मोजायचे, पुन्हा गालाला लावून बघायचे आणि सगळं मोठ्याने सांगायचे. तो वहीत लिहायचा. मला माझ्या लिहिण्यावर विश्वासच उरला नव्हता. बाबांबरोबरचा करारही मी त्याला सांगून टाकला.

"कार्डाचीच जाडी वजा केली तर?" त्याने सुरुवातीला विचारलं.

"कार्डं दोन प्रकारची आहेत. जुनी पातळ, नवी जाड. कोणता पिक कोणत्यावर होता, हे मी लिहूनच ठेवलं नाही."

"तुम्ही चूकसुद्धा अगदी मन लावून करता हो."

"डॉक्टर, तुम्ही लिहा."

मोजून झालं की तो त्या पिकाने तेच चार सूर वाजवायचा. नेहमी तेच, म्हणजे फरक कळावा. नायलॉनचा पिक मऊ, ओठांतल्या ओठांत बोलणारा. सेल्युलॉइडचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, ठणठणीत. लहान, थेंबाच्या आकाराचा असेल तर सूर नेमका, पण बोटं आखडतात. मोठा तिकोनी असेल तर हात मोकळा, सूर मात्र पसरट. हे मला आधी काहीच माहीत नव्हतं. मी गालाने ओळखून जे लिहून ठेवलं होतं, ते आता कानांनी ऐकत होते.

"तोंड फिरवून बसा," तो अचानक म्हणाला. "न बघता ओळखा."

मी भिंतीकडे तोंड केलं. चार सूर.

"नायलॉन. पातळ."

चार सूर.

"हा… लाकडाचा? नाही, करवंटीचा. थोडा खरखरतोय."

चार सूर.

"सेल्युलॉइड. पण कडा झिजलेली आहे."

असे दहा झाले, आणि मागून आवाज येईना. मी वळून पाहिलं तर तो पिक हातात धरून आ वासून बसला होता. "दहापैकी दहा," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे का, हे मलाही जमत नाही?"

मला माहीत नव्हतं. माझ्याविषयी असं काही मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं आणि मी उगाचच फडका पिळत बसले. पुढचा पिक स्टीलचा निघाला. त्याने तार छेडली, आणि तो आवाज सरळ माझ्या दाढेत घुसला. मी गाल धरून कळवळले.

त्याने गिटार खाली ठेवली. "कधीपासून दुखतेय?"

"काय? काहीच नाही."

"डावीकडची खालची. शेवटून दुसरी. दोन दिवस तुम्ही एकाच बाजूने चावताय."

"तुम्ही माझं चावणं बघता?"

"धंदाच आहे तो माझा," तो म्हणाला. पण कान पुन्हा लाल.

बुधवारी मी त्याला विचारलं, की तो एवढा कोणता पिक शोधतोय. त्याने हाताची बोटं माझ्यासमोर पसरली. नखं अगदी मांसापर्यंत कापलेली.

"मी आधी नखांनी वाजवायचो. उजव्या हाताची चार नखं वाढवलेली असायची, रोज घासायचो, जपायचो. मग हा धंदा. हातमोजे घालून लोकांच्या तोंडात हात घालायचा, तर नखं कशी ठेवणार? ज्या दिवशी कापली, त्या दिवसापासून माझा आवाजच गेला. पिकाने वाजवतो, पण ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाजवणं वाटतं. तीन वर्षं झाली." तो जरा हसला. "मी हिशोब केला होता, की नखाइतका ताठपणा हवा तर साधारण एक मिलिमीटर जाडी हवी. म्हणून तुमच्या तक्त्यातले एक मिलिमीटरवाले सगळे मागवले."

"आणि मी त्यांना कार्ड नेसवून ठेवलं होतं."

"हो ना."

मला एकदम काहीतरी आठवलं. मी जुना तक्ता चाळला. एकेचाळीस नंबर. शिंगाचा, मध्यम आकाराचा. जाडी, माझ्या चुकीप्रमाणे, एक पूर्णांक तीन. मी तो पिक कार्डावरून सोडवला, पुसला, मोजला. बरोब्बर एक. मी तो त्याच्या हातात दिला.

त्याने चार सूर वाजवले. मग थांबला. मग पुन्हा वाजवले, आणि या वेळी चारावर थांबला नाही. मी संगीतातली कोणी जाणकार नाही, पण मला एवढं कळलं की मंगळवारपासून माझ्यासमोर बसलेला माणूस आत्ता पहिल्यांदा वाजवत होता. संपल्यावर त्याने पिक उलटून-पालटून पाहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"याच्यापुढे तुम्ही काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं.

मी तक्ता त्याच्यापुढे धरला. शेवटच्या रकान्यात माझ्याच शब्दांत लिहिलेलं होतं: 'नखासारखा लागतो.'

"तीन वर्षं मी हे शोधतोय," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही लिहून ठेवलं होतंत. मी मूर्खासारखा आकडे वाचत बसलो."

त्याचे डोळे भरले होते. मी फडका पुढे केला. तो डिंकाने बरबटलेला होता, पण त्याने त्यानेच डोळे पुसले. आणि मला जे काही झालं, ते दाढदुखीचं नव्हतं एवढं नक्की.

गुरुवारी मात्र दाढेने हद्द केली. सकाळपासून मी गाल धरूनच बसले होते. दुपारी दीडला तो दुकानात आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चला."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. चला."

दंतवैद्यालाच भीती वाटते म्हटल्यावर माझी बोबडी वळली, पण पाय त्याच्यामागे निघाले होते. इंजेक्शनची टोचणी, मग हळूहळू अर्धं तोंड माझं नसल्यासारखं. तो माझ्यावर वाकला. हातमोज्याला पावडरचा वास येत होता.

"कीड मुळापर्यंत गेलेली नाही. भरून होईल. तोंड उघडा… अजून… असंच ठेवा."

"आँ."

"आता तुम्हाला बोलता येणार नाही," तो ड्रिल हातात घेत म्हणाला. "तेव्हा हीच वेळ बरी. समोर बघा. खिडकीतून."

मी डोळे फिरवले. आणि खुर्चीत उठूनच बसणार होते. खिडकीच्या चौकटीत आमचं दुकान होतं. दुकानाचा काउंटर. काउंटरमागचं माझं स्टूल. माझी पाण्याची बाटलीसुद्धा दिसत होती.

"तीन महिने," तो म्हणाला. "रोज तुम्ही त्या स्टुलावर गालाला हात लावून बसलेल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला वाटायचं, किती दुखत असेल या मुलीला! आज येईल, उद्या येईल… सकाळची पहिली वेळ मी कुणालाच द्यायचो नाही. तुमच्यासाठी रिकामी ठेवायचो."

"आँ?!"

"हलू नका, ड्रिल आहे हातात. तुम्ही आला नाहीत. मग मीच काहीतरी निमित्त काढून यावं म्हटलं, तर दुकानाच्या दारापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. शेवटी वेबसाइटवरून मागवले. तेवढंच जमलं. ते खोटे निघाले, तेव्हा कुठे भांडायला म्हणून आत येता आलं." ड्रिल थांबला. "सोमवारी तुम्ही म्हणालात, की गालाला पिक लावता. तीन महिने मी तुमच्या न दुखणाऱ्या दाढेची काळजी करत होतो! आणि मंगळवारी कळलं, ती दुखतेच आहे."

मी तोंड उघडं ठेवून चाट पडले होते. बोलायला हजार गोष्टी होत्या आणि तोंडात कापसाचे तीन बोळे. माणसाने दुसऱ्या माणसाला असं कोंडीत पकडू नये.

"रविवारी तुम्ही इथे नसलात," तो अगदी हळू म्हणाला, "तर मला ही खिडकी बंद करून घ्यावी लागेल."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय?"

"अंहं," मी म्हणाले. तेवढंच म्हणता आलं.

अडीच वाजता आम्ही मागच्या खोलीत परत कामाला लागलो. त्याने जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं, त्यामुळे तो आता माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. मला बोलायचं होतं, पण अर्धी जीभ झोपलेली. शहाऐंशी नंबर झाला. सत्त्याऐंशी नंबर घेतला. लाकडाचा, मोठा तिकोनी.

"लांबी तीफ," मी सांगितलं.

"तीस. पुढे?"

"जाडी दोन पूर्णांक चार." मग सवयीने तो गालाला लावला. काहीच कळेना. गाल ठार बधिर. उजव्या गालाला लावला, पण उजवा गाल कधी या कामाला जुंपलाच नव्हता, त्याला काय कळणार! शेवटचा रकाना रिकामा राहणार होता. पंचवीस पिक अजून बाकी आणि हातात जेमतेम दीड दिवस. मला रडूच फुटायच्या बेतात आलं.

"माझा गाल आहे की," तो वहीत बघतच म्हणाला.

एक क्षण मला वाटलं, भूल कानांपर्यंत चढली.

"म्हणजे… कामासाठी," तो म्हणाला. "तुम्ही लावा, मी सांगतो."

मी स्टूल पुढे ओढलं. पिक त्याच्या गालावर टेकवला, हलकेच, आणि हळूच खाली ओढला. त्याने चष्म्याआड डोळे मिटून घेतले होते. पापण्या थरथरत होत्या. दाढी सकाळीच केलेली असावी, आणि कानाच्या पाळीखाली थोडी राहून गेली होती. मी श्वास घ्यायचा विसरले.

"कफा लागतो?" मी विचारलं.

त्याने एक डोळा उघडून पिकाकडे पाहिलं.

"लाकूड," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच सुचतंय."

"मग लिहा."

त्याने जाडी आणि 'लाकूड', दोन्ही एकदमच लिहिलं. मग वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता पुढचं तुम्ही लिहा. मी नुसता वाजवतो, कसा लागतो ते ऐकून भरा." अठ्ठ्याऐंशीपासून एकशे बारापर्यंत सगळं मी मोजलं आणि मीच लिहिलं. चार वाजून गेले, साडेचार झाले, त्याचे पेशंट समोर जिन्यावर खोळंबले. शुक्रवारी दिवसभर बसून मी सगळा तक्ता टाइप केला.

शनिवारी सकाळी दहाला बाबा आले. एका हातात छत्री, एका हातात रिकामी मोठी बॅग. माझ्या सामानासाठी आणली होती. मालकीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वजनमापं खात्यात होतात ना? मग तुम्हीच तपासा. पत्र मी टाइप करून ठेवलंय. एकही चूक नसेल तर सही करते."

"माझी मुलगी आहे म्हणून सूट मिळणार नाही," बाबा म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," मालकीणबाई म्हणाल्या.

बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. खिशातून स्वतःचं कॅलिपर, जाडी मोजायचं यंत्र, काढलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते खिशातच असतं. पहिला पिक. दुसरा. तिसरा. ते ओठ हलवत आकडा वाचायचे, तक्त्यात बघायचे आणि पेन्सिलीने टिंब करायचे. तास गेला. पन्नास. सत्तर. ऐंशी. सगळी टिंबंच टिंबं. माझा जीव भांड्यात पडायला लागला.

मग त्यांची पेन्सिल थांबली.

"सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "जाडी, तीस मिलिमीटर."

त्यांनी पिक पुन्हा कॅलिपरमध्ये धरून बघितला.

"तीस मिलिमीटर जाडीचा पिक! हा पिक आहे की वीट?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मालकीणबाईंनी समोरचा पत्राचा कागद उचलला आणि शांतपणे मधोमध घडी घातली. ती घडी पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. मी वहीकडे धावले. वहीतही तेच होतं. लांबी तीस, जाडी तीस. आणि मी टाइप करताना त्या ओळीतले आकडे वाचलेच नव्हते. त्या ओळीपाशी आले की मला दुसरंच काही दिसायचं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दंतवैद्य! हातमोजे चढवलेले, मास्क गळ्यात, धापा टाकत. खिडकीतून त्याने माझा चेहरा पाहिला असणार.

"काय झालं?"

"तुम्ही कोण?" बाबांनी विचारलं.

"हे समोरचे डॉक्टर. यांनी मोजायला मदत केली," मालकीणबाई म्हणाल्या आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

त्याने ओळ वाचली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो मागे हटला नाही. "चूक माझी आहे. हे अक्षर माझं आहे. तिने बरोबर सांगितलं होतं, मी लांबीचा आकडा पुन्हा लिहिला."

बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. या नजरेने मोठमोठे व्यापारी पोटमाळ्यावरून खोटी वजनं काढून आणायचे. "आकडा लिहिताना लक्ष कुठे होतं?"

"गालावर," दंतवैद्य म्हणाला.

"कोणाच्या?"

"माझ्याच. तिने तिथे पिक टेकवला होता… म्हणजे तिचा गाल बधिर होता, आणि…" तो थांबला. मग त्याने दम घेतला. "साहेब, तुमची मुलगी मला आवडते. तीन महिन्यांपासून. त्या वेळी मला स्वतःचं नावही लिहिता आलं नसतं."

मालकीणबाईंच्या हातातला चष्मा गळून काउंटरवर पडला. मी तर पुतळाच झाले होते. बाबांसमोर! बाबांना कोणी उलट उत्तरसुद्धा देत नाही, आणि हा माणूस…

बाबा पुन्हा कामाकडे वळले. त्यांनी अठ्ठ्याऐंशी नंबरचा पिक उचलला. मोजला. टिंब केलं. एकोणनव्वद. नव्वद. उरलेला प्रत्येक पिक त्यांनी तितक्याच निगुतीने मोजला, एकशे बारापर्यंत. आम्ही तिघं उभे. शेवटचं टिंब करून त्यांनी पेन्सिल ठेवली आणि वहीत बोट ठेवलं.

"इथून पुढचं अक्षर तुझं," ते मला म्हणाले. "यात एकही चूक नाही. म्हणजे हे गडबडले, तरी तुझं लक्ष कामावर होतं."

दंतवैद्याने मान खाली घातली. त्याचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. बाबांनी मला सुटकेची वाट काढून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर चूक त्याची, मी निर्दोष, पत्रही हातात. आणि त्याने खिडकी बंद करून घेतली असती.

"नव्हतं, बाबा," मी म्हणाले.

"काय नव्हतं?"

"लक्ष नव्हतं. माझा हात थरथरत होता. म्हणून अठ्ठ्याऐंशीपासून प्रत्येक पिक मी तीन-तीनदा मोजला. म्हणून साडेचार वाजले. डॉक्टरांना वाटलं, मी हळू काम करते."

त्याने मान वर केली. असा चेहरा मी आजवर कोणाचा पाहिला नव्हता. कोणीतरी थोबाडीत मारावी आणि त्याच वेळी बक्षीसही द्यावं, तसा.

बाबांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग त्यांनी सत्त्याऐंशीच्या ओळीतला आकडा खोडला, नीट अक्षरात दोन पूर्णांक चार लिहिलं आणि त्यापुढे सही केली. तपासल्याची. छत्तीस वर्षं काट्यांवर करायचे तशी.

"हात थरथरत असताना जो तीनदा मोजतो," ते मालकीणबाईंना म्हणाले, "त्याला काढून तुम्ही दुसरा कोण आणणार?"

मालकीणबाईंनी कागदाची घडी उलगडली, तळव्याने सपाट केली आणि सही केली. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि रिकामी बॅग काखेत मारली.

"मी दुपारच्या गाडीने निघतो. आईला मी सांगतो. कसं सांगायचं ते वाटेत ठरवतो." मग दंतवैद्याकडे वळून, "काय हो, तुम्ही हातमोजे घालून पळत आलात. कोणाला खुर्चीत ठेवून आलात की काय?"

"अरे देवा!" दंतवैद्य ओरडला. "आजींचं तोंड उघडंच आहे!"

तो सुसाट पळाला. रस्त्याच्या मधोमध पोचला आणि गर्रकन वळला. एक सायकलवाला करकचून थांबला.

"संध्याकाळी भेटशील?" तो तिथूनच ओरडला. आठवडाभर 'तुम्ही, तुम्ही' करणारा माणूस, भर रस्त्यात, सायकलवाल्यासमोर!

मी मान हलवली. पण काचेवर ऊन पडलं होतं, त्याला काही दिसेना. तो कपाळावर हात धरून बघत राहिला. वर दवाखान्यात आजी ताटकळलेल्या, खाली सायकलवाला खोळंबलेला, मागे बाबा उभे. मी दार ढकललं, पायरीवर गेले, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले, "हो!"

अख्ख्या रस्त्याने ऐकलं. बाबांनीही.